इथलं शेत, वरचं शेत

चिंतामणरावांच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी नांगराला हात लावला नव्हता. सगळे मास्तर, नाहीतर कारकून. ते स्वतः शिक्षण खात्यातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले, सात रस्त्याजवळच्या फ्लॅटमध्ये राहणारे आणि गॅलरीतली तुळससुद्धा दर उन्हाळ्यात वाळवणारे गृहस्थ. आणि तरी रोज दुपारी ओटा आवरला, की त्यांच्या पत्नी मालतीबाई हात पुसत म्हणायच्या, "शेतावर जाऊन येते हं," आणि हॉलच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसायच्या.

हे शेत म्हणजे एक गेम होता. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, म्हणून घरात त्याला शेतच म्हणत. मुलाने, अनिमेषने, तो विकत घेतला होता. विकत घेतला म्हणजे खोका नाही, तबकडी नाही, कपाटात ठेवायला वस्तू म्हणून काही नाही. त्याच्या नावाच्या खात्यात तो गेम जमा होता, एवढंच. नोकरीसाठी नेदरलँड्सला जाताना त्याने तेच खातं आईला इथल्या कॉम्प्युटरवर उघडून दिलं. खातं एक, म्हणून शेतही एक. दोघांनी एकाच वेळी उघडलं तर एकाला बाहेर काढायचं, त्यामुळे पाळ्या ठरल्या. दुपारी सोलापुरातून आई जायची, कामावरून सुटल्यावर आइंडहोवनहून मुलगा. आईने पेरलेल्याला मुलगा पाणी घालायचा, मुलाने तोडलेली लाकडं आई रचून ठेवायची. भेट कधीच नाही, पण येणंजाणं रोजचं.

शेतातल्या विहिरीजवळ एक लाकडी पेटी होती. मालतीबाई तिला डबाच म्हणायच्या. निघताना त्या डब्यात काहीतरी ठेवायच्या, बहुतेक वेळा लोणच्याची बरणी, कारण त्या शेतात लोणचंसुद्धा घालता यायचं. दुसऱ्या दिवशी बरणी गेलेली असायची आणि तिच्या जागी मध असायचा, नदीतला चकचकीत दगड असायचा, एकदा तर निळं अंडं होतं. शेजारी एक पाटी होती, तिच्यावर चार शब्द लिहिता यायचे. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. "आई, निळी कोंबडी घेतली." खाली आईचं उत्तर, "दाणे कोण घालणार? मीच ना." मालतीबाईंचं एकच मागणं गेली दोन वर्षं त्या पाटीवर येऊन जाऊन असायचं. त्यांना विहिरीजवळ बसायला एक बाक हवा होता. अनिमेष लिहायचा, "लाकूड पुरत नाही गं. करू."

चिंतामणराव मागच्या खुर्चीत पेपर धरून बसलेले असायचे. वाचत काही नसायचे. बायकोच्या खांद्यावरून डब्यात काय आलं ते बघायचे, आणि बघून झालं की पोटात दुखायला लागायचं. शुद्ध मराठीत याला हेवा म्हणतात. पण सदुसष्टाव्या वर्षी स्वतःच्या बायकोचा हेवा करतोय असं कुणाला वाटू नये, म्हणून ते म्हणायचे, "वेळेचा नुसता नाश आहे."

त्यांच्या वाट्याला रविवारचा फोन होता. "काय चाललंय?" "ठीक." "हवा कशी आहे?" "थंड." "बरं, आईला देतो." की संपलं. त्यालाही जुनं कारण होतं. अनिमेष बारावीला असताना चिंतामणरावांनी गेमपायी घरातलं नेट काढून टाकलं होतं. पोरगं बेरकी, त्याने गेम आधीच उतरवून ठेवलेला. तो नेटशिवाय खेळत राहिला. मग यांनी माउस काढून कपाटात कुलपात ठेवला. परीक्षेत मार्क चांगले पडले, चिंतामणरावांचं म्हणणं खरं ठरलं, आणि तेव्हापासून मुलगा त्यांच्याशी हवामानापलीकडे बोलला नाही.

मालतीबाईंना मात्र डबा कसा भरावा आणि कसा परत करावा हे उपजतच कळायचं. शेजारच्या धनलक्ष्मी वहिनी पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, पाठवायच्या, तर त्यांच्या डब्यातून परत जाताना शेंगाची चटणी जायची. काहीच नसलं तर गुळाचा खडा. एकदा मालतीबाई बाहेर गेल्या असताना चिंतामणरावांनी तो डबा स्वच्छ घासून, पुसून, मोकळाच नेऊन दिला. वर म्हणाले, "तुमची वस्तू तुम्हाला पोचती केली." संध्याकाळी मालतीबाईंना हे कळल्यावर त्या डोक्याला हात लावून बसल्या. "अहो, डबा रिकामा परत करतात का कुणी?" चिंतामणरावांना त्यात चूक काय ते शेवटपर्यंत समजलं नाही. वस्तू जमा झाली, परत केली. कागद पूर्ण.

तर अशा माणसाने एका मंगळवारी सकाळी, बायको अंघोळीला गेलेली असताना, राउटरच्या पाठीमागची बारीक पिवळी वायर उपसून काढली.

त्यामागे फार मोठा कट नव्हता. आदल्या दिवशी पाटीवर "आई, तुझ्याशिवाय इथे करमत नाही" असं लिहून आलं होतं आणि ते त्यांनी पेपराआडून वाचलं होतं. रात्रभर ते वाक्य घोकत ते कूस बदलत राहिले. आपल्याशिवाय ज्याला अगदी छान करमतं त्याला हिच्याशिवाय करमत नाही. सकाळी उठले ते वायरीपाशीच गेले. शेत बंद करायचं नव्हतं त्यांना. फक्त मधला बांध घालायचा होता.

राउटरवर लाल दिवा लागला. "सात रस्त्यावर खोदकाम चाललंय," चिंतामणराव म्हणाले, "त्यात वायर तुटली म्हणे." सोलापुरात हे वाक्य बाराही महिने खपतं. मालतीबाईंच्या फोनवरून परदेशी बोलणं घरच्या नेटवरच व्हायचं, तेही बंद झालं. पण त्या काही हताश झाल्या नाहीत. कॉम्प्युटरने विचारलं, नेट नाही, तसंच खेळायचं का? त्यांनी हो म्हटलं आणि शेत उघडलं.

"हे चालतं का नेटशिवाय?" चिंतामणरावांनी विचारलं. आवाज जरा चिरकला.

"न चालायला काय झालं? विकत घेतलेलं आहे की. ऑफलाइन म्हणतात याला. फक्त आपलं इथलं शेत इथेच राहतं, वर जात नाही." मग त्या वळल्या. "मात्र अनिमेषला तुमच्या फोनवरून सांगा हं, नेट गेलंय म्हणून. म्हणजे तो तिकडे हात लावणार नाही. नाहीतर तो वर खेळेल, मी इथे खेळेन, आणि दोन शेतं होतील. मग नेट आलं की ते विचारतं, इथलं ठेवू की वरचं? एकच राहतं. दुसरं पुसून जातं. लक्षात राहील ना?"

"सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "सांगितलंत ना?"

"सांगितलं," चिंतामणराव म्हणाले. इतक्या सहज म्हणाले, की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

मालतीबाई निर्धास्त झाल्या. रोज दुपारी शेतावर जायच्या, भाजी तोडायच्या, लोणचं घालायच्या आणि बरणी डब्यात ठेवायच्या. कालची बरणी तशीच असायची, तिच्या शेजारी आजची. "राहू देत," त्या स्वतःशीच म्हणायच्या, "नेट आलं की सगळ्या एकदम मिळतील त्याला." मागे खुर्चीत बसलेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बायको आनंदातच होती, मग वायर काढून मिळवलं काय?

गुरुवारी तर भलतंच झालं. मालतीबाईंनी नेटवाल्या जोतीरामला फोन लावला होता, आणि तो दुपारी मोटारसायकल घेऊन हजर. चिंतामणरावांनी त्याला वरून पाहिलं आणि चपलाही न घालता जिना उतरले.

"सायेब, लाइन तर चालू हाय की," जोतीराम म्हणाला. "शेजारच्या घरात नेट पळतंय. तुमच्यातच कसं काय न्हाय?"

"आमच्यात मीच बंद ठेवलंय. डोळ्यांना त्रास होतो."

"व्हय का? मग म्याडमनी कशापायी फोन केला?"

"त्यांना माहीत नाही."

जोतीरामने त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग वर गॅलरीकडे पाहिलं. "लई इचार करू नका सायेब. घराघरात असतंय," असं म्हणून त्याने किक मारली. काय असतंय ते त्याने सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी अनिमेषचा फोन आला. रविवार नसताना, आणि चिंतामणरावांच्या फोनवर. ते फोन घेऊन गॅलरीत गेले आणि दार लोटून घेतलं.

"बाबा, आईचा फोन लागत नाहीये. शेतावर पण येत नाही ती. बरी आहे ना?"

मुलाचा आवाज घाबरलेला होता आणि तो त्यांच्याशी बोलत होता. किती वर्षांनी त्याला त्यांच्याकडून काहीतरी हवं होतं. इथेच जर ते म्हणाले असते, अरे, नेट गेलंय, तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण मग तो म्हणाला असता, बरं बाबा, आईला द्या.

"बरी आहे," चिंतामणराव म्हणाले. "कंटाळली असेल. किती दिवस एकच खेळ खेळणार माणूस."

"असं म्हणाली का ती?"

"तसं म्हणाली नाही. पण दिसतं ना मला." मग त्यांनी घाईने विचारलं, "तुझं कसं चाललंय? जेवण वगैरे?"

"ठीक आहे बाबा," अनिमेष म्हणाला, आणि फोन ठेवला. हवासुद्धा सांगितली नाही.

रविवारी फोन आला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पूर्वी चार वाक्यं तरी मिळत होती, आता तीही गेली.

सोमवारी मालतीबाई पंढरपूरला गेल्या. धाकटी बहीण वैजयंती तिथे असते, तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. जाताना त्यांनी फ्रीजमध्ये काय आहे, कडक भाकरी कुठल्या डब्यात आहेत, ते सगळं सांगितलं. "आणि नेट आलं तर शेत उघडू नका. मी आल्यावर बघेन," हेही सांगितलं.

पहिला दिवस चिंतामणरावांनी पेपरात काढला, यावेळी खरोखर वाचून. दुसऱ्या दिवशी दुपारी घर त्यांना खायला उठलं. कोपऱ्यात कॉम्प्युटर होता. वर, आकाशात कुठेतरी, मुलाचं शेत होतं, आणि तिथल्या डब्यात या दिवसांत त्याने आईसाठी काय काय ठेवलं असेल हे बघायची त्यांना इतकी तहान लागली, की त्यांनी उठून पिवळी वायर परत खोचली. दिवा हिरवा झाला. त्यांनी शेत उघडलं.

आणि कॉम्प्युटरने विचारलं. अगदी मालतीबाईंनी सांगितलं होतं तसंच. एका बाजूला इथलं शेत, खाली रविवारची तारीख. दुसऱ्या बाजूला वरचं शेत, खाली कालची तारीख. कोणतं ठेवायचं?

म्हणजे पोरगा रोज येत होता. आई कंटाळली असं ऐकूनही रोज येत होता, तिच्या झाडांना पाणी घालत होता.

चिंतामणरावांनी चष्मा पुसला. खरं तर त्यांनी खिडकी बंद करून उठायला हवं होतं. पण समोर प्रश्न आला आणि उत्तर न देता उठले, असं त्यांच्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. आणि नियम स्पष्ट होता. मूळ प्रत आपल्या दप्तरी राहते, वर जाते ती नक्कल. दोन्हींत फरक पडला तर आपल्या दप्तरची प्रमाण मानायची. शेकडो फायलींवर त्यांनी हा शेरा मारला होता. शिवाय, आता लपवण्यात काय अर्थ आहे, मनाच्या तळाशी असंही होतं की पुसलंच जायचं असेल तर त्याचं जाऊ दे. ज्याने रविवारी फोन केला नाही त्याचं.

त्यांनी इथलं दाबलं.

शेत उघडलं तेव्हा त्यांना कळलं आपण काय केलं ते. डब्यात बरण्यांची रांग होती, सगळ्या मालतीबाईंच्या. मध नाही, दगड नाही, अंडं नाही. पाटीवर जुनंच वाक्य, "आई, तुझ्याशिवाय इथे करमत नाही." जे बघायला म्हणून ते आले होते, तेच त्यांनी आपल्या हाताने पुसलं होतं. चिंतामणरावांनी डबा पुन्हा एकदा उघडून पाहिला, पाटी पुन्हा वाचली.

मग त्यांनी ठरवलं, आपण खेळायचं. मालतीच्या वतीने. मुलाला वाटेल आई परत आली, शेत जरा मागे गेलंय एवढंच. ती पंढरपुराहून येईपर्यंत सगळं जुळून जाईल.

इतकी वर्षं खांद्यावरून बघितल्याचा उपयोग झाला. त्यांनी विहिरीवरून पाणी काढलं आणि डाव्या कोपऱ्यापासून एकेक वाफा, एकही न चुकवता, ओळीने भिजवला. कोंबड्यांना दाणे घातले. एका मोकळ्या वाफ्यात भोपळ्याचं बी लावलं. मग डबा उघडला. इतका माल पडून राहिलेला त्यांना बघवेना. बरण्या उचलून गावातल्या दुकानात विकल्या, डबा मोकळा करून नीट झाकला, आणि एक काम स्वच्छ उरकल्याच्या समाधानाने कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी जेवणसुद्धा अर्धवट टाकून ते शेतावर गेले. डब्यात काही नव्हतं. पाटी मात्र बदलली होती.

"बाबा, डबा रिकामा परत करत नाहीत."

चिंतामणरावांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं, घरात कुणी नसताना. आईचा डबा रिकामा नसतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्यापासून काय लपणार? आणि वाफे कसे भिजलेत ते बघून तर कुणीही ओळखलं असतं. शाळेच्या वहीला आखलेल्या समासासारखे ते सरळ दिसत होते. पण त्यांना टोचलं ते पुढे. वाक्यात राग नव्हता. "आई कुठे आहे" असंही नव्हतं. ते बाबांना लिहिलेलं होतं. पाटीवर पहिल्यांदा त्यांचं नाव आलं होतं.

त्यांनी एकेका बोटाने अक्षरं शोधत लिहिलं, "नेट मी काढलं होतं. तुझं काम माझ्या हातून पुसलं. चूक झाली." डब्यात काय ठेवावं ते सुचेना. शेवटी शेतातल्या घरामागचं एक रानफूल तोडून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी फूल गेलेलं होतं आणि डब्यात मधाची बाटली होती. पाटीवर होतं, "माहीत आहे. बारावीलाही तुम्हीच काढलं होतंत. यावेळी माउस ठेवलात, हे बरं केलं."

चिंतामणराव हसले आणि मग त्यांना रडूच आलं. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि उत्तर लिहिलं, "कुलपाची किल्ली हरवली." हे खोटं होतं. ती शेतातली त्यांची पहिली थट्टा होती.

चौथ्या दिवशी विहिरीजवळ बाक होता.

नवा, लाकडाचा, पाठीला टेकू असलेला बाक. "बाबा, मागे खुर्चीत बसून बघू नका. इथे बसा." चिंतामणरावांनी आपला तो गेममधला चौकोनी टोपीवाला माणूस नेला आणि बाकावर बसवला. तो तिथे पाय हलवत बसून राहिला आणि हे इकडे खुर्चीत बसून राहिले. लावलेल्या भोपळ्याला वेल फुटला होता. त्या दिवशी सोलापुरात सुखी माणसाचा सदरा कुणी मागितला असता, तर तो चिंतामणरावांकडे होता.

शनिवारी मालतीबाई परत आल्या. वैजयंतीच्या डोळ्याचं नीट झालं होतं. पिशवीतून चुरमुरे काढले, बुक्का काढला, फोन चार्जिंगला लावला. भाच्याने त्यात नेटचं पॅक मारून दिलं होतं, आता फोन घरच्या नेटवर अवलंबून नव्हता, असं सांगितलं. चिंतामणराव चहा करून घेऊन आले. हे आजवर क्वचितच घडलेलं. मालतीबाईंनी चहा घेतला आणि नवऱ्याकडे नुसतं पाहिलं.

"नेट आलं," ते म्हणाले.

"हो का?"

"जरा शेत उघडलं होतं मी. थोडंसं इकडचं तिकडे झालंय." सगळं सांगायचं असं त्यांनी चार दिवस घोकलं होतं. पण चोराच्या मनात चांदणं, शब्द बाहेर येईनात.

मालतीबाई उठल्या आणि शेतावर गेल्या. चिंतामणराव मागे खुर्चीत जाऊन बसले, पेपर न घेता. त्या विहिरीजवळ आल्या आणि थांबल्या. पाटी वाचली. मग बाकाभोवती एक फेरी घातली, जशी बाई दुकानातल्या महागड्या साडीला हात न लावता घालते.

"दोन वर्षं मागत होते मी हा बाक," त्या म्हणाल्या.

"लाकूड मिळालं असेल त्याला."

"लाकूड मीच रचून ठेवलेलं होतं. कोठारामागे." मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही चार दिवस आलात तर तुम्हाला बाक."

चिंतामणरावांना बायकोचा चेहरा दिसत नव्हता, पण मान दिसत होती. ती ताठ मान त्यांनी ओळखली. इतकी वर्षं ती त्यांचीच मान होती, पेपराआडची. त्यांना म्हणावंसं वाटलं, घे तूच बस, बाक तुझाच. आणि खरं सांगायचं तर म्हणावंसं वाटलंही नाही. बाक त्यांना मिळाला होता.

"बरण्या कुठे गेल्या?" मालतीबाईंनी विचारलं.

"विकल्या."

मालतीबाईंनी कॉम्प्युटर बंद केला आणि स्वयंपाकघरात गेल्या.

रविवारी भोपळा तयार झाला. मालतीबाई दुपारी शेतावर आल्याच नाहीत, शेंगा भाजत बसल्या होत्या, म्हणून चिंतामणरावांनी हळूच उघडलं, कॉम्प्युटरने काय विचारलं ते घाईत न वाचताच हो म्हणून. हा एवढा मोठा, पिवळाधमक भोपळा. सात पिढ्यांतलं पहिलं पीक. तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, म्हणजे त्या टोपीवाल्याने उचलला, आणि पाटीवर काय लिहावं त्याचा विचार करत असताना त्यांचं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ऑफलाइन.

त्यांनी मागे वळून राउटरकडे पाहिलं. लाल दिवा. पिवळी वायर भिंतीलगत लोंबत होती. ती लपवायची कुणी काळजीही घेतली नव्हती.

"अगं, नेट गेलंय का?" त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

"सात रस्त्यावर खोदकाम चाललंय म्हणे," मालतीबाई आतून म्हणाल्या. शेंगा हलवायचा आवाज थांबला नाही.

मग चिंतामणरावांना एकेक समजत गेलं. पंढरपुरात नेट होतं. पंढरपुराहून ती मुलाशी रोज बोलत होती. "बाबा" असं त्याने पाटीवर लिहिलं ते वाफे बघून लिहिलं, की आईने सांगितलं म्हणून? कंटाळली असेल, हे वाक्यही तिच्यापर्यंत पोचलं असणार. आणि ती काल घरात येऊन, त्यांनी केलेला चहा पिऊन, एक शब्द बोलली नव्हती.

आत फोन वाजला. रविवार होता. मालतीबाईंनी गॅस बारीक केला, फोन घेतला आणि त्यांच्यासमोरून गॅलरीत गेल्या. दार लोटून घेतलं. काचेतून त्या हसताना दिसत होत्या, मग गंभीर झाल्या, मग पुन्हा हसल्या. चिंतामणराव भोपळा धरून थांबले. आत्ता हाक येईल, अहो, घ्या, तुम्हाला देते, असं त्यांना वाटत राहिलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं. फोन बंद झालेला होता.

"काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहे. थंडी आहे म्हणाला."

मालतीबाई स्वयंपाकघराकडे निघाल्या. उठून वायर खोचायला चिंतामणरावांना दोन पावलं लागली असती, पण ती वायर आता त्यांनी खोचायची नव्हती, एवढं त्यांना कळलं होतं. तरी मागून विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"त्याला सांगितलंस ना, नेट गेलंय म्हणून? नाहीतर तो वर खेळत बसेल, आणि दोन शेतं होतील."

मालतीबाई दारात थांबल्या.

"सांगितलं," त्या म्हणाल्या. अगदी सहज म्हणाल्या, आणि आत जाऊन शेंगा हलवू लागल्या.

चिंतामणरावांनी डबा उघडला, भोपळा आत ठेवला आणि झाकण लावलं.